देवघेव करणारी राळ

कोंकणांतून देशावर बदली होऊन आलेल्या गृहिणीची एक तक्रार आपण पुष्कळदां ऐकली असेल : इकडच्या विहिरीच्या पाण्यांत डाळ कांहीं केल्या शिजत नाहीं. धुणें धुणारा म्हणतो, साबण झिजतो पण फेंस येत नाहीं. कारखान्यांत बॉयलर सांभाळणारा सांगतो कीं, नळ्यांच्या आंत दगडासारखा थर धरतो आणि जळण वायां जातें. तिघांचीं गाऱ्हाणीं वेगवेगळीं दिसलीं तरी त्यांचें मूळ एकच आहे. जमिनींतून झिरपतांना पाणी आपल्याबरोबर कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येतें, आणि तेच हा सारा उपद्रव करतात. अशा पाण्यास आपण जड पाणी म्हणतों.

हें जड पाणी हलकें करण्यासाठीं आज जें द्रव्य सर्रास वापरतात, तें म्हणजे एक प्रकारची कृत्रिम राळ. राळ म्हटली कीं देवळांतला धूप आठवतो, किंवा दशावतारांत राक्षस येण्याच्या वेळीं मशालीवर फेंकलेली भुकटी आणि भपकन् उठणारी ज्वाळा डोळ्यांपुढें उभी राहते. ती राळ झाडाची. आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे ती रासायनिक कारखान्यांत तयार होते. तिचे मणी खसखशीच्या दाण्याएवढे असतात. रंग बहुधा पिवळसर, आणि हातांत घेतले तर स्पर्श ओल्या वाळूसारखा. ह्या मण्यांनीं पाणी शुद्ध केलें, नवीं मूलद्रव्यें ओळखून दिलीं, आणि उत्प्रेरक म्हणून कित्येक कारखान्यांत गंधकाम्लाची जागा घेतली. ह्या सर्व करामतींच्या मुळाशीं एक साधी गोष्ट आहे, ती म्हणजे देवघेव. ही राळ कांहींहि नाहींसें करीत नाहीं. एक घेते आणि त्याच्या मोबदल्यांत दुसरें देते. घेतलें काय एवढेंच ज्यांनीं पाहिलें त्यांची पुढें फसगत झाली, आणि दिलें काय हेंहि ज्यांनीं पाहिलें त्यांच्या हातीं शास्त्र लागलें. ह्या राळेचा इतिहास मी आपल्यापुढें मांडणार आहें तो ह्याच दृष्टीनें.

ह्या इतिहासाचा आरंभ रसशाळेंत झाला नाहीं, शेतांत झाला. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत हॅरी स्टीफन थॉम्प्सन नांवाचा एक जमीनदार होता. शेतीची त्यास मनापासून आवड. शेतांत घातलेल्या खतांतील अमोनिया पाण्यांत सहज विरघळणारा. मग पावसाबरोबर तो वाहून कां जात नाहीं, असा प्रश्न त्याच्यापुढें होता. १८४५ सालीं त्यानें यॉर्क येथील स्पेन्स नांवाच्या औषधविक्रेत्याच्या साहाय्यानें एक प्रयोग केला. माती नळींत भरली, तींत अमोनियम सल्फेट मिसळलें, आणि वरून पाणी सोडलें. खालीं जें पाणी गळलें त्यांत अमोनियम सल्फेट सांपडावयास हवें होतें. त्याऐवजीं सांपडलें जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीनें अमोनिया ठेवून घेतला होता आणि आपल्याजवळचा कॅल्शियम देऊन टाकला होता.

प्रयोग किती साधा, पण त्यांतील मर्म पाहा. माती कांहींतरी धरून ठेवते हें शेतकऱ्यांस पूर्वींपासून ठाऊक होतें. गढूळ व दुर्गंधी पाणी मातींतून गाळलें असतां निवळतें हेंहि ठाऊक होतें. थॉम्प्सननें अधिक काय केलें? नळीच्या खालीं भांडें ठेवलें आणि त्यांत उतरलेल्या पाण्याची परीक्षा केली. सारें शास्त्र त्या भांड्यांत होतें.

इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचा रसायनशास्त्रज्ञ जॉन टॉमस वे यानें हा धागा पुढें चालविला. १८५० व १८५२ सालीं त्यानें आपले निबंध प्रसिद्ध केले. पोटॅश असो कीं अमोनिया असो, माती तो घेते. त्याच्या जोडीचें अम्ल मात्र कॅल्शियमशीं संयोग पावून खालीं उतरतें. जेवढें घेतलें त्याच्या रासायनिक तुल्य प्रमाणांतच दिलें जातें. आणि हें काम मातींतील वाळू करीत नाहीं, चिकणमाती करते, असें त्यानें दाखविलें. त्याचा एक समज मात्र चुकला. मातीनें एकदां धरलेला अमोनिया पुन्हा सोडवितां येत नाहीं असें त्यास वाटलें. १८५८ मध्यें जर्मनींतील आइखहॉर्न यानें झिओलाइट नांवाच्या खनिजांवर प्रयोग करून सिद्ध केलें कीं, हा व्यवहार दोन्ही बाजूंनीं चालतो. आज घेतलेलें उद्यां परत करवितां येतें. समोरून पुरेसा आग्रह मात्र झाला पाहिजे.

ह्या शोधाचा उपयोग होण्यास जवळजवळ अर्धें शतक जावें लागलें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बर्लिनच्या रॉबर्ट गान्स यानें ॲल्युमिनियम व वाळूचें सत्त्व यांपासून कृत्रिम झिओलाइट बनविले आणि ते पाणी हलकें करण्याच्या कामीं लावले. त्या द्रव्याला 'परम्युटिट' हें नांव पडलें. अदलाबदल करणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तें घेतलेलें आहे. जड पाणी त्यांतून जाऊं दिलें कीं कॅल्शियम आंत राही व सोडियम बाहेर येई. द्रव्य थकलें म्हणजे मिठाचें कडक पाणी सोडावयाचें; सोडियमच्या गर्दीनें कॅल्शियम हुसकला जाऊन तें पुन्हा ताजें होई. परंतु ह्या खनिजी द्रव्यांत एक मोठें वैगुण्य होतें. अम्ल लागलें कीं तीं विरघळत. त्यामुळें सोडियमच्या जागीं हायड्रोजन बसविणें त्यांत शक्य नव्हतें, आणि पुढें आपण पाहूं कीं, सारी गंमत हायड्रोजनमध्येंच आहे.

ही अडचण १९३५ सालीं दूर झाली. लंडनजवळ टेडिंग्टन येथील सरकारी रसशाळेंत बेसिल ॲडम्स व एरिक होम्स हे दोघे शास्त्रज्ञ काम करीत होते. बेकेलाइटच्या जातीच्या, फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनलेल्या राळांमध्यें हीच अदलाबदल करण्याची शक्ति असते असें त्यांनीं दाखविलें. दुसऱ्या प्रकारच्या राळा करून ऋणभारित कणांचीहि देवघेव घडवितां येते हेंहि त्यांनींच दाखविलें. निसर्गानें मातींत जें ठेवलें होतें तें मनुष्य आतां हवें तसें घडवूं लागला. पुढें अमेरिकेंत द'आलेलिओ यानें स्टायरीनपासून केलेल्या राळेचें पेटंट १९४४ सालीं मिळविलें. आज आपण जे मणी पाहतों ते बहुतांशीं त्याच कुळांतले.

ह्या मण्याची रचना थोडक्यांत सांगतों. स्टायरीनच्या रेणूंच्या लांबच लांब सांखळ्या असतात. त्या एकमेकींपासून सुटून जाऊं नयेत म्हणून डायव्हिनिल बेंझीन नांवाच्या द्रव्यानें मधूनमधून त्यांना टांके घातलेले असतात. नेहमींच्या राळेंत तें शेंकडा ८ च्या आसपास असतें. टांके थोडे असले तर मणी पाण्यांत फार फुगतो, अधिक असले तर आंत शिरावयास वाट राहत नाहीं. ह्या जाळ्यास मग गंधकाम्लाचा संस्कार करतात, आणि जाळ्याला जागोजाग सल्फोनिक गट चिकटतात. हे गट भिंतींत ठोकलेल्या खुंट्यांसारखे समजा. खुंटी ऋणभारित व अचल. तिच्यावर टांगलेला धनभारित आयन मात्र बदलतां येतो. सोडियमचा भार एक, त्यास एक खुंटी पुरते. कॅल्शियमचा भार दोन, त्यास दोन खुंट्या लागतात, म्हणून तो धरलाहि अधिक घट्ट जातो.

अशा १ लिटर ओल्या राळेंत सुमारें १०० ग्रॅम जडपणा, म्हणजे चुनखडीच्या हिशेबानें मोजलेला, सामावूं शकतो. दर लिटरला ४०० मिलिग्रॅम जडपणा असलेलें विहिरीचें पाणी घेतलें, तर तेवढ्या राळेनें कागदावर तरी २५० लिटर पाणी हलकें व्हावें. व्यवहारांत मीठ वांचविण्यासाठीं राळ पुरी ताजी करीत नाहींत, त्यामुळें काम बरेंच कमी होतें. एका मण्यावर हायड्रोजन टांगला आणि दुसऱ्या जातीच्या मण्यावर हायड्रॉक्सिल टांगला, तर क्षारांचे दोन्ही भाग धरले जातात व मोबदल्यांत निघणारे दोघे मिळून पाणीच होतें. चुलीवांचून ऊर्ध्वपातित पाण्याच्या तोडीचें पाणी मिळण्याची ही युक्ति. आपल्याकडे मुंबईस १९६४ मध्यें स्थापन झालेली आयन एक्स्चेंज (इंडिया) आणि पुण्याची थरमॅक्स ह्या कंपन्या ह्याच धंद्यांत पुढें आल्या.

परंतु येथेंच थॉम्प्सनच्या भांड्याची आठवण ठेवावयास हवी. राळ ताजी करतांना वापरलेलें मीठ कोठें जातें? अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सांता क्लॅरिटा खोऱ्यांत घरोघरीं पाणी हलकें करण्याचीं यंत्रें होतीं. त्यांचें खारें पाणी गटारांतून शुद्धीकरण केंद्रांत आणि तेथून सांता क्लॅरा नदींत जाई. नदीच्या खालच्या बाजूस स्ट्रॉबेरी व ॲव्होकाडो यांची शेती. हीं दोन्ही पिकें क्लोराइडपुढें नाजूक. अखेर २००८ सालीं तेथील मतदारांनीं अशीं मिठावर चालणारीं यंत्रें काढून टाकण्याच्या बाजूनें कौल दिला. वरच्या गांवच्या नळाला मऊ पाणी आलें, त्याचा मोबदला खालच्या गांवचें शेत देत होतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत राळेनें आणखी एक पराक्रम गाजविला. विरल मृत्तिका नांवाचीं मूलद्रव्यें गुणांनीं एकमेकांसारखीं, जणूं जुळीं भावंडें. १९११ सालीं चार्ल्स जेम्स या शास्त्रज्ञानें त्यांतील थुलियम शुद्ध मिळविण्यासाठीं सुमारें १५,००० वेळां स्फटिकीकरण केलें होतें. अणुबाँबच्या योजनेंत गुंतलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं तेंच काम राळेच्या उभ्या नळीवर सोंपविलें. खुंटीवर कोणी किंचित् घट्ट बसतो, कोणी किंचित् सैल. हजारों वेळां उठबस झाली कीं तेवढ्या फरकानें ओळीनें एकेक बाहेर पडतो. १९४५ सालीं ओक रिज येथें ६१ व्या मूलद्रव्याची, प्रोमेथियमची, ओळख ह्याच रीतीनें पटली. १९५५ सालीं मेंडेलेव्हियमचे अवघे १७ अणु ओळखले गेले तेहि राळेच्या नळींतून कोणत्या क्रमानें बाहेर आले तें पाहूनच.

आतां उत्प्रेरकाकडे वळूं. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळविणारा मध्यस्थ. त्याच्यावांचून कार्य अडतें, पण कार्य झाल्यावर तो होता तसाच मोकळा. रसायनशास्त्रांतील असंख्य क्रिया अम्लानें वेगवान होतात. उसाच्या साखरेचें ग्लुकोज व फ्रुक्टोज होणें, किंवा मद्यार्क व सेंद्रिय अम्ल यांचें एस्टर होणें, हीं नेहमींचीं उदाहरणें. ह्या कामीं पूर्वीं गंधकाम्ल घालीत. काम होई, पण मग तें अम्ल मालांत मिसळून बसे. तें मारण्यासाठीं चुना घाला, झालेला गाळ काढा, माल धुवा, धुण्याचें पाणी टाका. आणि तोंवर अम्लानें भांडेंहि खाल्लेलें असे.

अम्लाचें खरें कर्तृत्व त्याच्या हायड्रोजन आयनांत असतें. आणि राळेच्या खुंट्यांवर हायड्रोजन टांगतां येतो हें आपण पाहिलें. म्हणजे राळेचा मणी हा घन रूपांतला अम्लाचा सांठाच झाला. क्रियेस आलेला रेणु मण्यांत शिरतो, हायड्रोजन क्षणभर उसना घेतो, त्याचें रूपांतर होतें, आणि हायड्रोजन खुंटीवर परत ठेवून तो बाहेर पडतो. काम संपलें कीं मणी गाळून घ्यावे. त्याहून सोयीचें म्हणजे मणी नळींत भरून ठेवावे आणि एका टोंकानें कच्चा माल घालून दुसऱ्या टोंकानें पक्का माल काढावा. सस्मन या शास्त्रज्ञानें १९४६ सालीं ह्या विषयावर निबंध लिहिला, आणि त्यानंतर रसायनशास्त्रज्ञांचें लक्ष इकडे झपाट्यानें वळलें.

मार्गांत अडचणी होत्याच. जुना मणी पाण्यांत फुगला तरच त्याच्या वाटा उघडत. तेलासारख्या निर्जल द्रवांत तो मिटून राही आणि आंतल्या खुंट्या निरुपयोगी होत. १९६२ सालीं कुनिन, माइट्झनर व बॉर्टनिक यांनीं मण्यांत कायमचीं छिद्रें ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. अशा मण्याच्या एका ग्रॅममध्यें आंतला पृष्ठभाग ५० चौरस मीटरपर्यंत भरतो. दुसरी अडचण उष्णतेची : १२० अंश सेंटिग्रेडच्या पुढें नेहमींच्या राळेचे सल्फोनिक गट गळूं लागतात व अम्ल मालांत उतरतें. तिसरी अडचण पाण्याची : एस्टर होतांना निघालेलें पाणी हायड्रोजनभोंवतीं कोंडाळें करतें आणि त्याचा जोर घटतो. चौथी अडचण तर राळेच्या स्वभावांतूनच उत्पन्न होते. कच्च्या मालांत सोडियमचा किंवा नळ गंजून आलेल्या लोखंडाचा अंश असला, कीं राळ आपल्या जातिधर्माप्रमाणें तो उचलते व मोबदल्यांत हायड्रोजन देऊन बसते. मध्यस्थीला बोलाविलेला गृहस्थ स्वतःच सौदा करूं लागावा तसें होतें, आणि दिवसेंदिवस उत्प्रेरक थंड पडत जातो. म्हणून जाणते कारखानदार कच्चा माल आधीं स्वस्त राळेच्या थरांतून गाळून घेतात.

एवढें सांभाळलें तर राळ चोख काम देते. फिनॉल व ॲसिटोन यांपासून बिस्फिनॉल-ए ती करते. परंतु तिचें सर्वांत मोठें व सर्वांत बोधप्रद कार्य पेट्रोलच्या क्षेत्रांत झालें. इंजिन ठोके देऊं नये म्हणून पूर्वीं पेट्रोलमध्यें शिशाचें संयुग घालीत. शिसें विषारी, तें काढावयाचें ठरलें, तेव्हां त्याच्या जागीं घालावयास मेथिल टर्शरी ब्यूटिल ईथर हें द्रव्य पुढें आलें. संक्षेपानें त्यास एम्. टी. बी. ई. म्हणतात. मेथिल अल्कोहोल व आयसोब्यूटिलीन हे दोन पदार्थ अम्लयुक्त राळेवरून सौम्य उष्णतेंत जाऊं दिले कीं तें तयार होतें. त्याचा पहिला व्यापारी कारखाना १९७३ सालीं इटलींत निघाला. अमेरिकेंत १९९० सालच्या कायद्यानें धुराच्या उपद्रवाच्या शहरांतील पेट्रोलमध्यें प्राणवायुयुक्त द्रव्य घालणें आवश्यक ठरलें, आणि ह्या ईथरचें उत्पादन प्रचंड वाढलें. गंधकाम्लाचा गाळ नाहीं, पेट्रोलमध्यें शिसें नाहीं, धूर कमी. सर्व बाजूंनीं जय झाला असें वाटलें.

पण नळीच्या खालचें भांडें कोणी पाहिलें नव्हतें. पेट्रोलच्या पंपांखालीं जमिनींत पुरलेल्या टाक्या कांहीं ठिकाणीं गळत होत्या. पेट्रोलमधील इतर द्रव्यें पाण्यांत फारशीं विरघळत नाहींत. हा ईथर सहज विरघळतो आणि लवकर कुजतहि नाहीं. थॉम्प्सनच्या मातीनें अमोनिया धरून ठेवला, कारण अमोनियाच्या आयनावर विद्युद्भार होता. ईथरच्या रेणूवर भारच नाहीं. मातीच्या खुंट्यांनीं त्याला धरावें कसें? तो भूजलांत उतरला आणि पाण्याबरोबर दूरवर गेला. अगदीं अल्प प्रमाणांत असला तरी त्यानें पाण्यास टर्पेंटाइनसारखी चव व वास येतो. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका शहराला आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. १९९९ सालीं तेथील गव्हर्नरनें हें द्रव्य बंद करण्याचा हुकूम काढला व २००४ च्या आरंभापासून त्या संस्थानांत तें पेट्रोलमध्यें घालणें थांबलें. इतर संस्थानांनींहि तोच मार्ग धरला. पाणी शुद्ध करण्यासाठीं जन्मलेल्या राळेच्या हातून पाणी नासविणारें द्रव्य निपजावें हा दैवदुर्विलास खरा. पण त्यांत राळेचा दोष नाहीं. तिनें आपलें काम चोख केलें. हिशेब चुकला तो तिच्या धन्याचा.

श्रोतेहो, ही कहाणी दूरच्या देशांची वाटेल, म्हणून शेवटीं आपल्या घरीं येतों. आपली काळी जमीन ही ह्याच गुणानें श्रीमंत आहे. तिच्या चिकणमातींत आयन धरणाऱ्या खुंट्या विपुल आहेत. परंतु कालव्याच्या भागांत पाणी अतोनात दिलें आणि निचरा राहिला नाहीं, कीं त्या खुंट्यांवर सोडियम चढतो आणि जमीन चोपण होते. ओली असतां चिखल चिकटतो, वाळली असतां दगड होते, पाणी आंत मुरत नाहीं. तिच्यावरचा उपाय शेतकी खात्याचे लोक सांगतात तो असा : जिप्सम घाला. जिप्सममधील कॅल्शियम खुंटीवर बसतो व सोडियम सुटतो. १८४५ सालीं थॉम्प्सनच्या नळींतून जें बाहेर पडलें, तेंच आपण येथें वरून आंत घालतों.

मात्र जिप्सम घातलें म्हणजे काम संपलें असें समजूं नये. सुटलेला सोडियम वाहून जाण्यास चर खणला नाहीं, तर तो तेथेंच घुटमळतो आणि संधि मिळतांच पुन्हा खुंटीवर चढून बसतो. माती असो, राळ असो, कीं कारखाना असो, देवघेवीचा नियम कोणालाच टळत नाहीं. आंत काय घातलें हें सर्वांस दिसतें; बाहेर काय पडलें आणि तें गेलें कोठें, हें मुद्दाम पाहावें लागतें. यॉर्कशायरच्या त्या जमीनदारानें नळीखालीं भांडें ठेवलें, ह्यापरतें त्याच्याजवळ दुसरें यंत्र नव्हतें. तें भांडें ठेवण्याची संवय आपणांस जडली, तर पुष्कळ विहिरी गोड राहतील.